पश्चिम विदर्भाचा फेब्रुवारी

२१ फेब्रुवारी २०२१, रविवार. अमरावतीच्या पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी अमरावती आणि अचलपूर शहरांसाठी आठवडाभराची टाळेबंदी जाहीर केली. विभागातल्या अकोला, वाशिम, यवतमाळ आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांवरही निर्बंध आले. मुंबईची लोकल सर्वांसाठी पुन्हा सुरू होऊन तेव्हा तीनच आठवडे झाले होते. लसीकरणाला महिना झाला होता. देशात रोज सापडणाऱ्या रुग्णांची संख्या महिन्याच्या सुरुवातीला दहा हजारांच्या आसपास उतरली होती आणि साथ संपल्याचीच भाषा सगळीकडे चालू होती. त्या वेळी पश्चिम विदर्भाचा पट्टा मात्र तापू लागला.

बुलढाणा जिल्हा माहीत असलेल्यांना घाटावर आणि घाटाखाली हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, आणि खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. खालच्या पट्ट्यातून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो, मुंबई-कोलकाता महामार्ग जातो, कापसाच्या आणि सोयाबीनच्या गाड्या जातात. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला राज्यभरातून माणसे येतात. मंदिरांची दारे १६ नोव्हेंबर २०२० पासून, म्हणजे पाडव्यापासून, उघडली होती. १५ जानेवारीला राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींचे मतदान झाले होते. त्यात लग्नसराई. फेब्रुवारीत रुग्ण वाढले तेव्हा दोष याच गोष्टींवर ठेवला गेला: निवडणुका, लग्ने, बिनमास्कची गर्दी.

या कारणांत खोटे काही नव्हते. पण निवडणुका कोकणातही झाल्या आणि खानदेशातही, लग्ने तर सगळीकडेच लागली. गर्दी राज्यभर सारखी असताना आग आधी इथेच का लागली, याचे उत्तर लोकांच्या वागण्यात पुरते सापडत नाही. त्यासाठी विषाणूकडे पाहावे लागते, आणि वर्षभरापूर्वी त्याच्याशी गाठ पडलेल्या माणसांच्या रक्ताकडेही.

विदर्भातला कोरोनाचा पहिला मृत्यू बुलढाण्यातच झाला होता, २८ मार्च २०२० रोजी. त्या काळात या भागातल्या नमुन्यांना तपासणीसाठी नागपूरच्या मेयो रुग्णालयाची वाट धरावी लागे, आणि अहवाल येईपर्यंत काय करायचे हे कुणालाच नीट ठाऊक नसे. देशाचा मोठा भार तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेवर, म्हणजे एनआयव्हीवर होता. १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने उभी राहिलेली ही संस्था. देशातल्या पहिल्या रुग्णाचे निदान ३० जानेवारी २०२० रोजी तिथेच पक्के झाले. इटलीहून आलेले पर्यटक आणि त्यांच्या संपर्कातले लोक यांच्या नमुन्यांतून मार्चमध्ये संस्थेने विषाणू वेगळा करून वाढवला. कोव्हॅक्सिन लस पुढे ज्या वाणापासून तयार झाली तो एनआयव्ही-२०२०-७७० हाच. लशीच्या चाचणीसाठी लागणारी वीस माकडे विदर्भानेच दिली. टाळेबंदीत शहरांतले खाणे आटल्याने माकडे रानात पांगली होती, तेव्हा वनखात्याच्या मदतीने शोध घेऊन ती नागपूर भागातून पकडली गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात ही हकिकत सांगितली आहे.

विषाणू हाताशी असला की त्याच्या विरोधातली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, मोजता येतात. विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात. त्यांचे टोक आपल्या पेशींवरच्या एसीई-२ नावाच्या ग्राहीला चिकटते, मग काटा दुभंगतो, विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळते आणि त्याचा आरएनए आत शिरतो. तिथून पुढे पेशी त्याच्या प्रती काढण्याच्या कामाला जुंपली जाते. संसर्ग झालेल्या शरीरात आठवड्या-दोन आठवड्यांत बी पेशींपासून घडलेल्या पेशी प्रतिपिंडे सोडू लागतात. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे हे रेणू वरच्या दोन टोकांनी विषाणूला धरतात. पण नुसते धरल्याने भागत नाही, धरले कुठे याला महत्त्व असते. बैलाला वेसणीला धरले तर तो थांबतो, शेपटीला धरले तर धरणाऱ्यालाच ओढत नेतो. काट्याच्या टोकावर नेमके बसून ग्राहीची वाट अडवणारे प्रतिपिंड विषाणूला निष्प्रभ करते. काट्याच्या बुडाशी किंवा विषाणूच्या आतल्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड तपासणीत दिसते, त्याची मोजदादही होते, पण संसर्ग बहुधा ते अडवत नाही.

पुढचे सगळे या एका फरकावर उभे आहे, आणि २०२० मध्ये तो लोकांपर्यंत पोहोचवण्यात आपण कमी पडलो असे मला वाटते. गावोगावी एकच प्रश्न विचारला जात होता: अँटिबॉडी आहेत की नाहीत? अहवालात आकडा आला की माणूस निर्धास्त होई. कुठल्या अँटिबॉडी, त्या कुठे बसतात, आणि काट्याचा आकार उद्या बदलला तर काय, हे विचारायला कुणी शिकवलेच नव्हते.

एनआयव्हीने मे २०२० मध्ये प्रतिपिंड ओळखणारी ‘कवच’ नावाची चाचणी तयार केली आणि तिच्या आधारे देशभर रक्ततपासणीचे सर्वेक्षण सुरू झाले. निवडलेल्या सत्तर जिल्ह्यांत महाराष्ट्रातले सहा होते, त्यांतला जळगाव बुलढाण्याच्या सीमेला लागून. मे-जूनमधल्या पहिल्या फेरीत प्रौढांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोकांत प्रतिपिंडे सापडली. डिसेंबर-जानेवारीतल्या तिसऱ्या फेरीत हे प्रमाण सुमारे एकवीस टक्के झाले. पाचांतला एक माणूस विषाणूला भेटून आला होता आणि चार अजून बाकी होते. तरीही हा आकडा धोक्याची सूचना म्हणून वाचला गेला नाही. त्यातून धीरच घेतला गेला.

प्रतिपिंडांवरचा विश्वास रुग्णालयांतही दिसत होता. बरे झालेल्यांचा प्लाझ्मा आजाऱ्याला द्यायचा, म्हणजे एकाच्या शरीराने कमावलेले संरक्षण दुसऱ्याला मिळेल. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या घटसर्पाच्या उपचारापासून चालत आलेला हा विचार. २९ जून २०२० रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते ‘प्लॅटिना’ प्रकल्प सुरू झाला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून चालणारी ही जगातली सर्वांत मोठी प्लाझ्मा चाचणी असल्याचे सांगण्यात आले. ओळखीपाळखीतून दाते शोधण्यासाठी त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात लोकांनी जी धावपळ केली, ती आठवली की आजही गलबलून येते. अनोळखी माणसासाठी शंभर-शंभर किलोमीटर जाऊन प्लाझ्मा देणारे तरुण या भागातही होते.

पण ऑक्टोबर २०२० मध्ये ‘प्लॅसिड’ या दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देशातली ३९ रुग्णालये आणि ४६४ रुग्ण. प्लाझ्मा मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत मृत्यूचे किंवा आजार चिघळण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. कारणेही त्याच अभ्यासात दिसत होती. बऱ्याच दात्यांच्या प्लाझ्मात विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे फार थोडी होती, आणि रुग्णालयात येईपर्यंत बहुतेक रुग्णांच्या अंगात त्यांची स्वतःची प्रतिपिंडे आधीच तयार झालेली होती. निकाल इतका स्पष्ट असूनही प्लाझ्मा उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला तो १७ मे २०२१ ला. मधल्या सात महिन्यांत, आणि विशेषतः एप्रिलच्या भीषण दिवसांत, किती कुटुंबांनी प्लाझ्माच्या पिशवीसाठी रात्री जागून काढल्या असतील!

पुन्हा फेब्रुवारीकडे. रुग्णवाढ दिसताच अमरावती, यवतमाळकडचे काही नमुने जनुकीय क्रम वाचण्यासाठी पुण्याला गेले. ब्रिटन, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील इथे सापडलेले विषाणूचे प्रकार त्यांत नाहीत, असा खुलासा राज्य सरकारने केला. खुलासा खरा होता, पण प्रश्नच चुकला होता. सगळे बाहेरून आलेला पाहुणा शोधत होते आणि नवा प्रकार इथल्याच मातीत तयार होत होता. त्या वंशाचे सर्वांत जुने नोंदलेले नमुने ऑक्टोबर २०२० मधले, भारतातलेच आहेत. तो नेमका कोणत्या गावात जन्मला, हे सांगण्याइतके नमुने त्या वेळी कुणी वाचलेच नव्हते. जनुकीय क्रम वाचणाऱ्या दहा प्रयोगशाळांचे राष्ट्रीय जाळे डिसेंबरच्या अखेरीस उभे राहिले, त्याला निधी आणि रसायनांची अडचण होती, आणि जिल्ह्यांतून नमुने सावकाश येत होते.

२४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई-४८४-क्यू आणि एल-४५२-आर हे दोन बदल असलेल्यांचे प्रमाण डिसेंबरपासून वाढत गेले असून ते १५ ते २० टक्क्यांवर पोहोचले आहे. वर्तमानपत्रांनी त्याला ‘डबल म्युटंट’ म्हटले. शास्त्रीय नाव बी.१.६१७. एनआयव्हीतल्या सारा चेरियन, वर्षा पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर ते मार्च या काळातल्या महाराष्ट्राच्या जिल्ह्यांतल्या नमुन्यांचा क्रम वाचून हा वंश उलगडून दाखवला. त्यात भावंडे निघाली. ई-४८४-क्यू असलेला थोरला भाऊ आधी पसरला. त्याच्या जागी टी-४७८-के हा बदल घेऊन आलेला धाकटा मागून आला आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याने थोरल्याला मागे सारले. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने थोरल्याला कप्पा आणि धाकट्याला डेल्टा हे नाव दिले. जूनच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधले बहुतेक सगळे नवे रुग्ण डेल्टाचे होते.

या बदलांच्या जागा पाहिल्या की फेब्रुवारीचा अर्थ लागू लागतो. ४५२, ४७८, ४८४ हे तिन्ही क्रमांक काट्याच्या टोकावरचे, म्हणजे चांगली प्रतिपिंडे जिथे पकड घेतात तिथलेच. तिथला एक अमिनो आम्लाचा मणी बदलला की आकार आणि विद्युतभार बदलतो, आणि जुन्या विषाणूवर घट्ट बसणारे प्रतिपिंड घसरते. चौथा बदल, पी-६८१-आर, काट्याच्या दुभंगण्याच्या जागेजवळचा. त्यामुळे काटा अधिक सहज चिरला जातो आणि विषाणू पेशीत लवकर शिरतो. जपानमधल्या शास्त्रज्ञांना एल-४५२-आरचा आणखी एक पैलू दिसला. एचएलए-ए-२४ हा ऊतिप्रकार असलेल्या माणसांत प्रतिकाराच्या टी पेशी विषाणूचा जो तुकडा ओळखतात, त्यातच हा बदल येत असल्याने त्यांचीही नजर चुकते. एवढ्यावरून पश्चिम विदर्भाच्या लाटेचे संपूर्ण गणित सुटले असे कुणी म्हणणार नाही. पण ज्यांना लोकांच्या बेफिकिरीतच सगळे उत्तर दिसत होते, त्यांनी काट्यावरच्या या चार जागा पाहायला हव्या होत्या.

आता कळीचा प्रश्न उरला: लशीने आणि आधीच्या आजाराने दिलेली प्रतिपिंडे या नव्या विषाणूला अडवतात का? याचे उत्तर तर्काने मिळत नाही, प्रत्यक्ष झुंज लावावी लागते. पुण्यात प्रज्ञा यादव यांच्या गटाने ती लावली. पद्धत जुनी आणि कष्टाची आहे. रक्तातला निवळ भाग, म्हणजे सीरम, घ्यायचा आणि पायरीपायरीने पातळ करत जायचा. प्रत्येक पायरीत जिवंत विषाणूची ठरावीक मात्रा मिसळून तासभर ठेवायची. मग ते मिश्रण व्हेरो पेशींच्या थरावर ओतायचे. या पेशी आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून १९६२ साली जपानमध्ये वाढवल्या गेल्या आणि तेव्हापासून जगभर वापरात आहेत. सुटलेला विषाणू पेशी मारतो आणि काही दिवसांनी थरात भोके दिसतात. ती मोजायची. भोकांची संख्या निम्म्यावर आणणारी सर्वांत पातळ पायरी कोणती, ती त्या रक्ताची ताकद. हे सगळे बंदिस्त प्रयोगशाळेत, अंगभर पोशाख चढवून, तासन्‌तास.

नव्या विषाणूंपुढे कोव्हॅक्सिन घेतलेल्यांच्या रक्ताची ताकद दोन ते तीन पटींनी घटलेली निघाली, पण शून्य झाली नाही. मला हा आकडा त्या वर्षातल्या सर्वांत मोलाच्या आकड्यांपैकी वाटतो. सगळी संरक्षणे कोसळली ही अफवा त्याने खोटी ठरवली. लस घेतली म्हणजे काळजी मिटली, या समजुतीलाही त्याने आधार दिला नाही. ज्यांच्या रक्तात भरपूर प्रतिपिंडे होती त्यांना तीन पट घट परवडणारी होती. ज्यांच्यात मुळातच थोडी होती, वर्षभरापूर्वी सौम्य आजारातून उठलेले किंवा एकच डोस घेतलेले, त्यांच्यासाठी तीच घट संसर्गाचे दार उघडणारी होती.

इथपर्यंत प्रतिपिंड म्हणजे रक्षणकर्ता. पण त्याची दुसरी बाजू विषाणूशास्त्रज्ञांना डेंगीपासून ठाऊक होती. डेंगीचा विषाणू मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींतच वाढतो, म्हणजे पहारा देणाऱ्या पेशींतच. प्रतिपिंडाने डेंगीला अर्धवट धरले, निष्प्रभ केले नाही, तर प्रतिपिंडाचा खालचा दांडा मोनोसाइटवरच्या ग्राहीत अडकतो आणि विषाणू आत ओढला जातो. पहारेकऱ्याने चोराला पकडून घरातच आणून सोडावे तसे घडते. म्हणून डेंगीची दुसरी लागण कधीकधी पहिलीपेक्षा भयंकर असते. अमेरिकी शास्त्रज्ञ स्कॉट हॉलस्टेड यांनी थायलंडमधल्या मुलांच्या आजारावरून हे मांडले. कोरोनाच्या लशी तयार होत असताना ही भीती अनेकांच्या मनात होती.

कोरोनाने मोनोसाइटमध्ये काय केले, याचे एक उत्तर एप्रिल २०२२ मध्ये बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. तीव्र आजारी रुग्णांच्या रक्तातल्या मोनोसाइटपैकी सुमारे सहा टक्के पेशींत विषाणू सापडला. या पेशींवर एसीई-२ जवळपास नसते. विषाणू आत गेला तो प्रतिपिंडांच्या दांड्याला धरून. आत त्याने प्रती काढायला सुरुवात केली, पण ते काम पुरे झाले नाही. पेशीला धोका कळला आणि ती स्वतःच फुटून मेली. नवा संसर्गक्षम विषाणू बाहेर पडला नाही. डेंगीपेक्षा वेगळे घडले ते इथे. पण फुटताना पेशीने दाहाचे रेणू आसपास ओतले. फुप्फुसांतल्या महाभक्षक पेशींतही असेच दिसले. दुसऱ्या आठवड्यात ताप उतरलेला माणूस अचानक धापा का टाकू लागतो, विषाणू कमी होत असताना ऑक्सिजन का घसरतो, हे कोडे २०२१ च्या एप्रिलमध्ये प्रत्येक कोविड केंद्रातल्या डॉक्टर-परिचारिकांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्याचा एक धागा इथे हाती लागतो. स्टेरॉइड योग्य वेळी दिले तर जीव वाचतो हे ब्रिटनमधल्या चाचणीने जून २०२० मध्येच दाखवले होते. ते औषध विषाणूवर चालत नाही, या दाहावर चालते. लवकर आणि बेसुमार दिले गेले तिथे मधुमेहींना म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने गाठले, आणि विदर्भाने तेही सोसले.

बोस्टनच्या अभ्यासातली एक गोष्ट लशींबद्दलच्या भीतीला सरळ उत्तर देते. आजाऱ्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी विषाणू मोनोसाइटमध्ये नेला, पण लस घेतलेल्यांच्या रक्ताने नेला नाही. प्रतिपिंडांच्या दांड्यावर साखरेचे रेणू असतात. तीव्र संसर्गात तयार झालेल्या प्रतिपिंडांत त्यांतली फ्युकोज ही साखर अनेकदा नसते, आणि असा दांडा मोनोसाइटच्या ग्राहीत जास्त घट्ट बसतो. लशीने घडवलेल्या प्रतिपिंडांत ती बहुतांशी असते.

जून-जुलै २०२१ मधल्या चौथ्या सर्वेक्षणात देशातल्या ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. जानेवारीत पाचांतला एक होता, आता तिघांतले दोन झाले. मधल्या वाढीत लशीचा वाटा होता, पण मोठा भाग डेल्टाने स्वतः, माणसांच्या जिवाची किंमत घेऊन, भरला होता. डेल्टावरचे पुण्याचे शोधनिबंध छापून येईपर्यंत घाटाखालच्या गावांतली लाट ओसरली होती. महाराष्ट्राच्या जिल्ह्यांतून आलेल्या नमुन्यांतून निघालेली ही माहिती पुढे इतर देशांनी आपली धोरणे ठरवायला वापरली. नमुना घेतल्यापासून क्रम वाचून होईपर्यंत लागणारे आठवडे कमी असते, तर ती चिखली-खामगावच्या लोकांनाही वेळेवर उपयोगी पडली असती. जिल्हा रुग्णालयांच्या प्रयोगशाळा आणि पुणे यांच्यातला हा वेळ कमी करणे, ही त्या वर्षाने आपल्याकडे सोपवलेली कामगिरी आहे असे मी मानतो.

१० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी आणि साठी ओलांडलेले व्याधिग्रस्त यांना तिसरा डोस देणे सुरू झाले. तोवर ओमिक्रॉन हा आणखी नवा प्रकार आला होता. त्याच्या काट्यावर तिसाहून अधिक बदल होते. पुण्यात तोही वाढवला गेला, आणि लस घेतलेल्यांचे, डेल्टातून उठलेल्यांचे सीरम पुन्हा पायरीपायरीने पातळ करून व्हेरो पेशींवर ओतले जाऊ लागले.